खेळ, कला आणि मालकी

व्हिडिओ गेमला कला म्हणावे काय, या प्रश्नाची चर्चा समाजवादी चळवळीच्या साप्ताहिकात व्हावी, याचे काही वाचकांना नवल वाटेल. महागाई, कंत्राटी कामगारांची पिळवणूक, शेतमालाचे पडलेले भाव हे विषय समोर असताना पडद्यावरच्या खेळांची मीमांसा करीत बसण्याची चैन चळवळीला परवडते काय, असा रोकडा सवालही विचारला जाईल. परंतु सातपूर व अंबड येथील औद्योगिक वसाहतींत जेवणाची सुट्टी झाली म्हणजे कारखान्यांच्या फाटकाबाहेर, चहाच्या टपरीपाशी, त्र्यंबक रस्त्यावरच्या बसथांब्यावर जे दृश्य दिसते, त्याकडे डोळेझाक करून हा सवाल निकालात काढता येणार नाही. वीस-बावीस वर्षांचा कंत्राटी कामगार, आयटीआयमध्ये शिकणारा मुलगा, पाळी संपवून घरी निघालेला मदतनीस, या साऱ्यांच्या हातात मोबाइल असतो आणि त्यावर पुष्कळदा एखादा खेळ चाललेला असतो. ज्या वयात मागच्या पिढीतला कामगार कलापथकाच्या तालमीला जात असे, युनियनच्या कचेरीत वर्तमानपत्र वाचीत असे किंवा तंबूतला तमाशा पाहत असे, त्या वयातला आजचा तरुण आपली फुरसत येथे खर्च करतो. आठ तासांच्या दिवसासाठी कामगार चळवळीने रक्त सांडले, ते कामगाराला स्वतःचे म्हणता येतील असे काही तास मिळावेत म्हणून. त्या तासांत त्याच्या मनाला काय मिळते आणि त्याच्या खिशातून काय जाते, हा प्रश्न चळवळीने परका मानण्याचे कारण नाही.

या विषयावर चळवळीच्या वर्तुळात दोन टोकांची मते ऐकू येतात. जुन्या कार्यकर्त्यांना हा सारा प्रकार म्हणजे अफूचे नवे रूप वाटते. तरुणांना हाताशी धरून लढा उभारावा, तर त्यांचे डोळे पडद्याला चिकटलेले, अशी त्यांची तक्रार असते. तरुण सहानुभूतिदारांचे म्हणणे याच्या उलट आहे. कादंबरी आणि चित्रपट यांनाही एके काळी अशीच नावे ठेवली गेली. आज व्हिडिओ गेम हे जगातल्या कोट्यवधी तरुणांचे अभिव्यक्तीचे माध्यम आहे आणि त्याला कला न मानणे हा निव्वळ वयाचा दुराग्रह आहे, असे ते म्हणतात. या दोन्ही मतांची नीट छाननी केली पाहिजे, कारण त्यांतून निघणारे कार्यक्रम वेगवेगळे आहेत. पहिल्यातून बंदीची मागणी निघते आणि दुसऱ्यातून बाजाराला मोकळे रान मिळते.

त्र्यंबक रस्त्याचा धडा

सातपुरातून जाणारा रस्ता ज्या त्र्यंबकेश्वराला पोहोचतो, तेथे ३० एप्रिल १८७० रोजी धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म झाला. विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून ते विलायतेला गेले, यंत्रे घेऊन आले आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला. प्रतिष्ठितांच्या लेखी तेव्हा चित्रपट म्हणजे जत्रेतल्या जादूच्या खेळाचा भाऊबंद होता. तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना, तेव्हा अण्णा साळुंके या तरुणाला लुगडे नेसून उभे राहावे लागले. पुढे फाळके नाशिकला आले, येथे त्यांनी अनेक चित्रपट काढले आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी येथेच त्यांचे देहावसान झाले. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी आज त्यांचे स्मारक आहे. परंतु हा मान त्यांच्या हयातीतला नव्हे. पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूट निघाली १९६० साली, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली, आणि फाळक्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला १९६९ साली. चित्रपट ही कला आहे, हे राज्यसंस्थेच्या गळी उतरण्यास अर्धे शतक लागले. तेवढ्या काळात फाळक्यांच्या बहुतेक चित्रपटांच्या फिती नष्ट झाल्या. ज्या वस्तूला समाज कला मानीत नाही, ती जपून ठेवण्याची तसदीही तो घेत नाही. एखाद्या माध्यमाला कला म्हणण्या-न म्हणण्याने काही बिघडत नाही, असे मानणाऱ्यांनी हे नुकसान ध्यानात घ्यावे.

तमाशाची कथा याहून बोलकी आहे. पांढरपेशा समाजाने ज्याला बाजारू ठरविले, त्या तमाशाच्या ढाच्यात अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने १९४४ पासून गिरणगावचे जिणे ओतले. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने तोच वग गावोगाव नेला, आणि निळू फुले, राम नगरकर यांच्यासारखे नट त्यातून घडले. या वगांना प्रचार म्हणून हिणवणारे समीक्षक तेव्हाही होते, आणि सरकारी बंदीचा बडगाही त्यांतल्या काहींच्या वाट्याला आला. कलेच्या दर्जाचा शिक्का ज्यांच्या हाती असतो, ते तो आपल्या वर्गाच्या आवडीनिवडी पाहून मारतात, हा धडा या चळवळीने स्वानुभवातून घेतला आहे. म्हणून नव्या माध्यमाकडे पाहून नाक मुरडणे समाजवाद्यांना तरी शोभत नाही.

तथापि एवढ्याने तरुणांचा पक्ष सिद्ध झाला, असेही म्हणता येत नाही. चित्रपटाची हेटाळणी झाली आणि पुढे तो कला ठरला, यावरून ज्याची ज्याची हेटाळणी होते ते ते सारे पुढे कला ठरेल, असे निष्पन्न होत नाही. मटक्याचीही हेटाळणी होते. माध्यमाच्या अंगी कोणते सामर्थ्य आहे, हे स्वतंत्रपणे तपासावे लागते.

खेळात कला कोठे असते?

रॉजर ईबर्ट या अमेरिकन चित्रपट समीक्षकाने एप्रिल २०१० मध्ये लिहिले की, व्हिडिओ गेम कधीही कला होऊ शकणार नाहीत. खेळाला नियम असतात, गुण असतात, हारजीत असते. कलाकृती जिंकता येत नाही, तिचा अनुभव घ्यावा लागतो, हा त्याच्या म्हणण्याचा आशय. शिवाय कलाकृतीचा शेवट कर्ता ठरवितो. तो शेवट प्रेक्षकाच्या हाती दिला, तर कर्त्याची म्हणून काही दृष्टी उरत नाही. वाचकांच्या भडिमारानंतर काही महिन्यांतच, स्वतः न खेळलेल्या खेळांविषयी असे विधान करावयास नको होते, असे ईबर्टने मान्य केले. मूळ मत मात्र त्याने सोडले नाही.

या आक्षेपाला मराठी भाषाच पहिले उत्तर देते. मराठीत नाटकाचा खेळ होतो, तमाशाचा खेळ होतो, दशावताराचा खेळ होतो, कळसूत्री बाहुल्यांचा खेळ होतो आणि सिनेमाचाही रात्रीचा शेवटचा खेळ असतो. खेळ आणि कला यांच्यामध्ये भिंत घालण्याची गरज या भाषेला कधी वाटली नाही. भरताच्या नाट्यशास्त्राच्या पहिल्याच अध्यायात इंद्रादी देव ब्रह्मदेवाकडे मागणी करतात ती एका खेळण्याची: डोळ्यांनी पाहता येईल आणि कानांनी ऐकता येईल अशा क्रीडनीयकाची. वेद ज्यांच्या कानांवर पडू दिले जात नाहीत, त्या शूद्रांसह सर्व वर्णांना खुला असा पाचवा वेद असावा, ही त्यामागची अपेक्षा तेथेच सांगितली आहे. नाट्यकलेच्या उगमाची ही कथा समाजवाद्यांनी विसरू नये. तीत कला ही खेळणे म्हणून जन्माला येते आणि सर्वांना खुली असण्याच्या अटीवर जन्माला येते.

नियमांचा आक्षेपही टिकत नाही. रागाला नियम असतात. कोणते स्वर घ्यावयाचे, कोणते टाळावयाचे, कोठे न्यास करावयाचा, हे ठरलेले असते. त्या चौकटीत गायक प्रत्येक मैफलीत नवी वाट काढतो, म्हणून राग ही कला नाही असे कोणी म्हणत नाही. हारजितीचे म्हणाल, तर सवाल-जबाबाच्या कलगीतुऱ्यात ती असतेच. खेळाचा कर्ता शेवट ठरवीत नसेल, पण कोणते पर्याय खुले ठेवावयाचे, कोणते बंद करावयाचे आणि प्रत्येक पर्यायाची किंमत काय लावावयाची, हे तोच ठरवितो. त्याची दृष्टी नियमांच्या रचनेतून प्रकट होते. तेच या माध्यमाचे वैशिष्ट्य.

दोन उदाहरणे पुरेशी आहेत. लुकास पोप याने २०१३ साली काढलेल्या 'पेपर्स, प्लीज' या खेळात खेळणारा हा एका हुकूमशाही राष्ट्राच्या सीमेवरचा कारकून असतो. समोर येणाऱ्या प्रत्येक माणसाचे कागद तपासून शिक्का मारावयाचा, हे त्याचे काम. चूक झाली तर पगार कापला जातो आणि पगार कमी पडला तर घरी लेकरू उपाशी राहते किंवा थंडीने आजारी पडते. समोर उभ्या असलेल्या निर्वासित बाईचा एक कागद अपुरा आहे. तिला आत सोडावे की आपल्या घरची चूल पेटती ठेवावी? नोकरशाहीतला सामान्य माणूस अन्यायाचे हत्यार कसा बनतो, हे अनेक कादंबऱ्यांनी सांगितले आहे. येथे शिक्का वाचणाऱ्याच्या स्वतःच्या हाती दिला जातो आणि तो मारल्यावर होणारी टोचणी त्याची स्वतःची असते. दुसरे उदाहरण पोलंडमधल्या 'धिस वॉर ऑफ माइन' या २०१४ सालच्या खेळाचे. युद्धाचे खेळ बहुधा सैनिकाच्या बाजूने लिहिलेले असतात. साराजेव्होच्या वेढ्यापासून स्फूर्ती घेतलेल्या या खेळात मात्र खेळणारा वेढलेल्या शहरातल्या नागरिकांना जगविण्याची धडपड करतो. औषधासाठी म्हाताऱ्या जोडप्याच्या घरी चोरी करावी काय, अशा निर्णयापाशी तो येऊन थबकतो. पोलंडच्या सरकारने २०२० साली हा खेळ विद्यार्थ्यांसाठी शिफारस केलेल्या वाचनाच्या यादीत घेण्याचे जाहीर केले.

एका माणसाच्या मनातली भावना दुसऱ्याच्या मनात संक्रांत करणे, ही टॉलस्टॉयने सांगितलेली कलेची कसोटी साने गुरुजींनी 'कला म्हणजे काय?' या अनुवादाने मराठीत आणली. त्या कसोटीला असे खेळ निश्चित उतरतात. पण टॉलस्टॉयची दुसरीही एक कसोटी होती. जी कला मूठभरांनाच परवडते किंवा कळते आणि जिच्यासाठी बहुसंख्यांना राबावे लागते, ती त्याला खोटी वाटे. ही दुसरी कसोटी लावावयास घेतली की, चर्चा सौंदर्यशास्त्राच्या अंगणातून बाहेर पडून अर्थशास्त्रात येते.

एका पटाचे दोन नियम

अमेरिकेतील एलिझाबेथ मॅगी या स्त्रीने १९०४ साली एका पटावरच्या खेळाचे पेटंट घेतले. खेळाचे नाव 'लँडलॉर्ड्स गेम', म्हणजे जमीनदाराचा खेळ. जमिनीचे वाढते मूल्य हे साऱ्या समाजाच्या श्रमातून उपजते, म्हणून त्यावर समाजाचा हक्क आहे, या हेन्री जॉर्जच्या सिद्धांताची ती अनुयायी होती. तिने या पटासाठी नियमांचे दोन संच केले. एका संचाप्रमाणे खेळले तर एक जण सारी जमीन बळकावतो आणि बाकीचे भिकेला लागतात. दुसऱ्या संचाप्रमाणे खेळले तर संपत्ती वाढली की तिचा लाभ सर्वांना होतो. दोन्ही खेळून पाहावे आणि कोणती व्यवस्था न्याय्य हे ज्याचे त्याने ठरवावे, अशी ही योजना होती. १९३५ साली पार्कर ब्रदर्स या कंपनीने तिचे हक्क पाचशे डॉलरना विकत घेतले आणि चार्ल्स डॅरो या गृहस्थाच्या नावाने 'मोनॉपली' बाजारात गाजविला. त्यात नियमांचा पहिला संच तेवढा उरला; दुसरा गळाला. मराठी घरांतून उन्हाळ्याच्या सुट्टीत मुले जो 'व्यापार' खेळतात, तो याच खेळाचा वंशज. मक्तेदारीवर टीका करण्यासाठी जन्मलेला खेळ मक्तेदारीचे बाळकडू पाजू लागला. पट तोच राहिला, फासे तेच राहिले. मालक बदलला आणि त्याने नियम बदलले.

मोबाइलवरच्या खेळांत हा प्रश्न शतपटीने वाढला आहे. पूर्वी खेळ एकदा विकत घेतला की संपले. आज बहुतेक खेळ फुकट मिळतात आणि कमाई पुढे सुरू होते. डाव अडेल अशा जागी अडवावयाचा आणि पुढे जाण्यासाठी पैसे मागावयाचे. आत काय आहे हे न सांगता बंद पेटी विकावयाची आणि हवी ती वस्तू निघेपर्यंत पुन्हा पुन्हा घ्यावयास लावावयाची, असे त्याचे तंत्र आहे. अशा पैसे घेऊन विकल्या जाणाऱ्या बंद पेट्यांना बेल्जियमने २०१८ साली जुगार ठरविले. कथेला, मैफलीला, नाटकाला शेवट असतो आणि प्रेक्षक घरी जातो. या खेळांना शेवट नसतो, कारण शेवट झाला तर वसुली थांबेल. त्यावर मोबाइलच्या दुकानदारीचे मालक, म्हणजे गूगल व ॲपल, प्रत्येक विक्रीतून आपला हिस्सा कापून घेतात. अनेक वर्षे तीस टक्के हा त्याचा रूढ दर होता. न पेरता, न नांगरता केवळ जागेचा मालक म्हणून मिळणारे हे उत्पन्न अर्थशास्त्रात खंड या नावाने ओळखले जाते. एलिझाबेथ मॅगीच्या पटावरचा जमीनदार तो हाच.

शब्दांचा आधार घेऊन हा व्यवहार कसा पवित्र केला जातो, याचा दाखला भारतातच आहे. रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ च्या एका निकालात म्हटले होते. तो निकाल पत्त्यांच्या क्लबासंबंधी होता. अर्धशतकानंतर कोट्यवधींचा धंदा करणाऱ्या रमीच्या कंपन्यांनी 'कौशल्य' या एका शब्दाचे चिलखत करून सट्टा घराघरांत पोहोचविला. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात तर राज्याच्या तत्कालीन कृषिमंत्र्यांच्या मोबाइलवर, विधान परिषदेत बसले असताना, रमीचा डाव दिसत असल्याची चित्रफीत गाजली. आपण खेळत नव्हतो, असा खुलासा मंत्र्यांनी केला. त्यानंतर त्यांचे कृषी खाते काढून त्यांना क्रीडा खाते देण्यात आले! ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने कौशल्य आणि नशीब हा भेदच बाजूला सारला आणि पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. घिसाडघाईने, पुरेशा चर्चेविना कायदे करण्याच्या पद्धतीवर टीका जरूर करावी. परंतु जुगाराला कौशल्याच्या नावाने मिळणारे संरक्षण संपले, हे योग्यच झाले.

उद्या 'कौशल्य' या शब्दाची जागा 'कला' हा शब्द घेऊ शकतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सात विरुद्ध दोन मतांनी व्हिडिओ गेमना पुस्तके व नाटके यांच्याप्रमाणे अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण दिले. कॅलिफोर्नियाचा जो कायदा त्या निकालाने रद्द झाला, त्याविरुद्ध न्यायालयात गेली होती ती विक्रेत्या कंपन्यांची संघटना. निकाल तत्त्वतः बरोबर होता. ज्यांनी आणीबाणीत तुरुंगवास सोसला आणि ज्यांच्या वगांवर बंदी आली, त्यांनी तरी आशयावरच्या सेन्सॉरशिपची मागणी करू नये. परंतु कथेला मिळणारे स्वातंत्र्य वसुलीला मिळता कामा नये. नाटकाच्या संहितेला स्वातंत्र्य असते म्हणून तिकिटांचा काळाबाजार करण्याचे स्वातंत्र्य कोणी मागत नाही. आशयाला स्वातंत्र्य आणि व्यवहारावर समाजाचे नियंत्रण, ही भेदरेषा समाजवाद्यांनी आग्रहाने सांगितली पाहिजे.

जॉबवर्कची कला

खेळणाऱ्याच्या बाजूने विचार झाला, आता घडविणाऱ्याच्या बाजूने पाहू. सातपूरच्या लहान कारखान्यांना जॉबवर्क म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. ड्रॉइंग मोठ्या कंपनीचे, भाव मोठ्या कंपनीने ठरविलेला, तपासणी तिचीच आणि माल परत पाठविण्याचा अधिकारही तिचाच. लहान कारखान्याच्या वाट्याला मजुरी आणि जोखीम. व्हिडिओ गेमच्या धंद्यातही भारताला बहुतांशी हेच स्थान मिळाले आहे. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने 'प्रिन्स ऑफ पर्शिया' या गाजलेल्या खेळाची नवी आवृत्ती २०२० साली जाहीर केली, तेव्हा तिचे काम पुणे आणि मुंबई येथील स्टुडिओंकडे होते. जाहिरातफीत पाहून टीका झाली, तारखा पुढे गेल्या आणि २०२२ साली ते काम उचलून कॅनडातील मॉंट्रियलच्या स्टुडिओकडे देण्यात आले. येथील तंत्रज्ञांची बाजू कोणाला ऐकू आली नाही.

याच पुण्यात वेगळी वाटही चोखाळली गेली. नॉडिंग हेड्स गेम्स या लहानशा चमूने 'राजी' नावाचा खेळ २०२० साली पुरा केला. अपहरण झालेल्या धाकट्या भावाचा शोध घेणारी एक मुलगी त्याची नायिका आहे. पहाडी लघुचित्रे, राजस्थानी वास्तू आणि छायाबाहुल्यांची परंपरा यांतून त्याची दृश्ये घडविलेली आहेत. लोकवर्गणीने भांडवल जमविण्याचा त्यांचा २०१७ मधील प्रयत्न फसला होता. तरीही खेळ पूर्ण झाला आणि पदार्पणाच्या खेळांच्या आंतरराष्ट्रीय नामांकनांत त्याचे नाव आले. पदरमोड करून यंत्राच्या मागे लागलेल्या फाळक्यांचीच ही जातकुळी. पुराणकथांपलीकडे जाऊन आजच्या श्रमिकांचे जिणे अशा खेळात यावे, ही अपेक्षा रास्त आहे. पण 'राजा हरिश्चंद्र'नेही पुराणापासूनच सुरुवात केली होती, हे विसरू नये.

महाराष्ट्र शासनाने सप्टेंबर २०२५ मध्ये ॲनिमेशन, दृक्परिणाम, गेमिंग आणि कॉमिक्स या क्षेत्रांसाठी धोरण मंजूर केले. सन २०५० पर्यंतचा ३,२६८ कोटी रुपयांचा त्याचा आराखडा आहे आणि या क्षेत्राला उद्योगाचा व पायाभूत सुविधेचा दर्जा देण्यात आला आहे. येथे एक विसंगती नजरेत भरते. चित्रपटाला कला म्हणून संस्था, संग्रहालय आणि पुरस्कार आधी मिळाले. उद्योगाचा दर्जा मिळाला तो १९९८ साली. व्हिडिओ गेमच्या बाबतीत उद्योगाचा दर्जा आणि सवलती आधी आल्या. कला म्हणून त्याचे काय करावयाचे, हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. सार्वजनिक पैसा जाणार असेल, तर त्यातून कोणाची भाषा आणि कोणाचे जीवन पडद्यावर येणार आहे, हे विचारण्याचा जनतेला अधिकार आहे. तेथे राबणाऱ्या तरुणांना कामाचे तास, जादा कामाचा मोबदला आणि युनियनचा हक्क मिळणार आहे काय, हेही विचारले पाहिजे.

हा शेवटचा प्रश्न काल्पनिक नाही. अमेरिकेत रेव्हन सॉफ्टवेअरमधील खेळ तपासणाऱ्या कामगारांनी मे २०२२ मध्ये मतदानाने युनियन स्थापन केली. तेथील खेळांना आवाज व हालचाली देणारे नट जुलै २०२४ पासून सुमारे वर्षभर संपावर होते. आपला आवाज आणि चेहरा यंत्राने फुकट वापरू नये, ही त्यांची मुख्य मागणी होती. 'डिस्को इलिझियम' या २०१९ सालच्या खेळाच्या कर्त्यांनी पुरस्कार स्वीकारताना व्यासपीठावरून मार्क्स आणि एंगल्स यांचे आभार मानले होते. त्याच खेळाचे प्रमुख निर्माते २०२१ च्या अखेरीस कंपनीबाहेर होते आणि मालकीचा वाद न्यायालयात गेला. कलाकृतीला कला म्हणून गौरविणे आणि कलावंताला आपल्या कृतीवर हक्क असणे, या दोन गोष्टी भांडवलशाहीत एकत्र नांदत नाहीत, याचे याहून ठळक उदाहरण सापडणे कठीण.

चळवळीने काय करावे?

व्हिडिओ गेम ही कला होऊ शकते आणि काही खेळांनी ती झाल्याचे सिद्ध केले आहे, हे चळवळीने निःसंकोच मान्य करावे. त्यात तरुणांना खूश करण्याचा हेतू नसावा. एखादी गोष्ट कला मानली की तिच्याकडून कलेच्या अपेक्षा करण्याचा अधिकार मिळतो. जिला केवळ व्यसन मानले, तिच्यावर टीका करता येत नाही. बंदीची भाषा तेवढी बोलता येते. आणि बंदीचा बडगा श्रीमंताच्या मुलाच्या दिवाणखान्यापर्यंत पोहोचत नाही. तो कामगाराच्या मुलाच्या मोबाइलवरच पडतो.

या भूमिकेतून काही कामे निघतात. पहिले काम समीक्षेचे. मराठी नियतकालिकांत नाटक-चित्रपटांची परीक्षणे येतात, तशी खेळांचीही यावीत. खेळ कोणती गोष्ट सांगतो, कोणाला शत्रू ठरवितो, बाईला कोठे उभी करतो, पैसे कोठे मागतो, हे कामगाराच्या मुलाला समजेल अशा मराठीत लिहिले गेले पाहिजे, आणि हे काम तरुण कार्यकर्त्यांकडेच सोपवावे. दुसरे काम सार्वजनिक जागांचे. १९५३ च्या कायद्याने स्थापन झालेले कामगार कल्याण मंडळ कामगारांच्या वर्गणीवर चालते आणि त्याच्या नाट्यस्पर्धांनी अनेक हौशी कलावंत घडविले. ज्या निधीत सातपूर-अंबडच्या कामगाराच्या पगारातून दर सहा महिन्यांनी रक्कम जमा होते, त्या निधीतून कल्याण केंद्रांत आणि सार्वजनिक ग्रंथालयांत निवडक खेळ फुकट खेळावयास मिळावेत व ते घडविण्याचे शिक्षणही मिळावे, ही मागणी युनियनांनी करावी. आयटीआयमध्ये फिटर आणि टर्नर घडतात, तसा खेळ घडविणारा कारागीर घडण्यास हरकत नाही. तिसरे काम संघटनेचे. पुण्या-मुंबईच्या स्टुडिओंत राबणारा तरुण स्वतःला कलावंत समजतो, कामगार समजत नाही. गिरणगावच्या शाहिरांना या दोहोंत विरोध कधी वाटला नाही, हे त्याला सांगितले पाहिजे.

चौथे काम सर्वांत अवघड आणि सर्वांत महत्त्वाचे. साराजेव्होच्या वेढ्यावर खेळ झाला, तसा गिरण्यांच्या १९८२ च्या संपावर, उसाच्या फडात कोयता घेऊन जाणाऱ्या जोडप्यावर, किंवा सातपूरच्या एखाद्या कंत्राटी कामगाराच्या एका महिन्याच्या पगारावर खेळ का होऊ नये? त्या पगारात घरभाडे द्यावे की मुलीची फी, कंत्राटदाराविरुद्ध सही करावी की गप्प बसावे, हा पेच कोणत्याही काल्पनिक राष्ट्राच्या सीमेवरच्या पेचाइतकाच जिवंत आहे. तमाशाचा ढाचा शाहिरांनी हाती घेतला, तेव्हा तो शुद्ध आहे की अशुद्ध, याचा निवाडा होण्याची वाट त्यांनी पाहिली नाही. एलिझाबेथ मॅगीच्या पटावरून नियमांचा जो दुसरा संच गळून पडला, तो पुन्हा लिहून काढणे हे समाजवाद्यांचेच काम आहे. तो लिहिण्यासाठी पट मात्र हाती घ्यावा लागेल.